स्तोनोगा यांना जागल्या म्हणावे का? ‘वेटर प्रकरणा’च्या कागदपत्रांविषयी

प्रश्न असा आहे: पोलंडमधील व्यावसायिक झ्बिग्न्येव स्तोनोगा यांनी जून 2015 मध्ये ‘वेटर प्रकरणा’च्या तपासाची कागदपत्रे फेसबुकवर टाकली, त्यापाठोपाठ मंत्री गेले आणि काही महिन्यांत सत्ताही बदलली, मग ज्याच्यावर स्वतःवरच खटले झाले अशा माणसाला जागल्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणारा (इंग्रजीत ‘व्हिसलब्लोअर’), म्हणायचे का, आणि कायदा त्याला संरक्षण देतो का?

कंपन्यांमध्ये तक्रार-यंत्रणा उभारणे आणि आलेल्या तक्रारींची अंतर्गत चौकशी करणे हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे, आणि त्यातले बरेचसे काम युरोपीय कंपन्यांसाठी असते. त्या आधारावर माझे उत्तर असे, की स्तोनोगा यांना जागल्याचे संरक्षण तेव्हाही मिळाले नसते आणि आजच्या पोलिश कायद्यातही मिळणार नाही. मात्र त्याचे जे कारण सहसा दिले जाते, म्हणजे त्यांचा पूर्वेतिहास, ते मला मान्य नाही. माणूस कसा होता यावर हा प्रश्न सुटत नाही. त्याने काय उघड केले, कोणत्या वाटेने केले आणि त्यात कोण विनाकारण भरडले गेले, यावर तो सुटतो.

प्रथम घटनाक्रम, कारण या प्रकरणात चार वेगवेगळ्या भूमिका आहेत आणि चर्चेत त्यांची नेहमी सरमिसळ होते. जुलै 2013 ते जून 2014 या काळात वॉर्सातील काही महागड्या रेस्टॉरंटांत, मुख्यतः ‘सोवा इ प्शियाचेले’ आणि ‘अंबर रूम’ येथे, मंत्री, वरिष्ठ अधिकारी आणि उद्योगपती यांच्या जेवणावेळच्या गप्पा चोरून ध्वनिमुद्रित केल्या जात होत्या. खासगी दालनांत यंत्रे ठेवण्याचे काम तेथील वेटर करीत असत, त्यावरून प्रकरणाला हे नाव पडले. शंभराहून अधिक लोकांचे बोलणे असे टिपले गेले होते. 14 जून 2014 रोजी ‘व्प्रोस्त’ या साप्ताहिकाने त्यातील पहिला भाग बाहेर काढला. त्यात गृहमंत्री बार्त्वोमेय शेन्क्येविच आणि मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष मारेक बेल्का यांचे संभाषण होते. निवडणुकीच्या तोंडावर बँकेने सरकारला आर्थिक हात द्यावा आणि त्यासाठी अर्थमंत्री यात्सेक रोस्तोफ्स्की यांना हटवले जावे, असा त्याचा रोख होता. पोलिश राज्य केवळ तत्त्वतः अस्तित्वात आहे, असे गृहमंत्रीच तेथे म्हणाले होते. दुसऱ्या एका ध्वनिमुद्रणात परराष्ट्रमंत्री रादोस्वाव शिकोर्स्की हे अमेरिकेशी असलेली मैत्री कवडीमोल असल्याचे सांगत होते. भाषा सगळीकडे शिवराळ होती, आणि जेवणाची बिले सरकारी खर्चाने भागवली गेली का, यावर लोक संभाषणातील मजकुरापेक्षाही अधिक चिडले.

18 जून 2014 रोजी सरकारी वकील आणि अंतर्गत सुरक्षा यंत्रणेचे अधिकारी साप्ताहिकाच्या कचेरीत शिरले आणि संपादक सिल्वेस्टर लात्कोफ्स्की यांच्या हातातील लॅपटॉप ओढून घेण्याची झटापट दूरचित्रवाणीवर देशभर दिसली. लॅपटॉप न घेताच पथकाला परतावे लागले. संपादकाने सूत्र गोपनीय ठेवण्याचा हक्क सांगायचा आणि यंत्रणेने तो धसमुसळेपणाने मोडू पाहायचा, या दृश्याने सरकारची जितकी अब्रू गेली तितकी ती ध्वनिफितींनीही गेली नसावी. पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांनी 25 जूनला विश्वासदर्शक ठराव जिंकला, पुढे ते युरोपीय परिषदेच्या अध्यक्षपदी गेले, आणि सप्टेंबरात एवा कोपाच पंतप्रधान झाल्या.

ध्वनिमुद्रणामागचा सूत्रधार म्हणून मारेक फालेन्ता या कोळसा व्यापाऱ्यावर खटला झाला. त्यांच्याशी संबंधित कंपनी रशियातून आणलेला कोळसा विकत असे. सरकारी वकिलांनी त्यांचा हेतू व्यावसायिक आणि आर्थिक असल्याचे मांडले. फालेन्ता यांनी दोष नाकारला आणि आपण सुरक्षा यंत्रणांना माहिती पुरवत होतो असे सांगितले. 29 डिसेंबर 2016 रोजी वॉर्साच्या न्यायालयाने त्यांना अडीच वर्षांची शिक्षा सुनावली आणि वर्षभराने ती अपिलात कायम झाली. फेब्रुवारी 2019 मध्ये तुरुंगात हजर व्हायचे असताना ते गायब झाले आणि एप्रिलमध्ये स्पेनमध्ये पकडले गेले. या ध्वनिफिती रशियन हातांत आधीच गेल्या होत्या असा त्यांच्या एका माजी सहकाऱ्याचा जबाब ऑक्टोबर 2022 मध्ये ‘न्यूजवीक’च्या पोलिश आवृत्तीने छापला आणि वाद पुन्हा पेटला. तो एका माणसाचा जबाब आहे, न्यायालयाचा निष्कर्ष नाही, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

आता स्तोनोगा. त्यांनी कोणाचे बोलणे मुद्रित केले नाही, करवून घेतले नाही, आणि ध्वनिफितीही त्यांनी बाहेर काढल्या नाहीत. ते मोटारविक्रीच्या धंद्यातले. कर-खाते, सरकारी वकील आणि न्यायाधीश यांनी आपल्याला धंद्यातून उठवले अशी त्यांची तक्रार होती, आणि ती ते समाजमाध्यमांवरील चित्रफितींतून, बहुधा अर्वाच्य भाषेत, मांडत असत. त्यांना मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला, कारण छोट्या व्यावसायिकाचा कर-अधिकाऱ्यावरचा राग पोलंडमध्ये खरोखरच खोल आहे. एखादी करवसुली चुकीची होती असा निकाल कधीकधी वर्षांनी लागतो, पण तोवर गोठवलेल्या खात्यांमुळे दुकान बंद पडलेले असते. दुसरीकडे त्यांच्यावर स्वतःवर फौजदारी खटले झाले आणि मोटारविक्रीच्या व्यवहारातील फसवणुकीबद्दल त्यांना पुढे तुरुंगवासही झाला.

8 आणि 9 जून 2015 च्या दरम्यानच्या रात्री त्यांनी वेटर प्रकरणाच्या तपासाच्या फायलींची छायाचित्रे फेसबुकवर टाकायला सुरुवात केली. पाने सुमारे अडीच हजार होती. ती आपल्याला एका चिनी सर्व्हरवर सापडली, असा त्यांचा खुलासा होता. त्याच दिवशी त्यांना ताब्यात घेण्यात आले. तपासातील मजकूर परवानगीविना, न्यायालयात उघड होण्यापूर्वी जाहीर करणे हा पोलिश दंडसंहितेच्या कलम 241 खाली गुन्हा आहे आणि त्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्याच दिवशी, 10 जूनला, कोपाच यांनी तीन मंत्र्यांचे (आरोग्य, क्रीडा आणि सरकारी मालमत्ता या खात्यांचे) राजीनामे जाहीर केले. तोवर संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष झालेले शिकोर्स्की पायउतार झाले, काही उपमंत्री आणि स्वतः कोपाच यांचे मुख्य सल्लागार असलेले रोस्तोफ्स्की यांनाही जावे लागले. महाअभियोक्ता, म्हणजे देशाचे सर्वोच्च सरकारी वकील, आंजेय सेरेमेत यांचा वार्षिक अहवाल आपण स्वीकारणार नाही, असेही कोपाच यांनी सांगितले.

येथे काळाचा संदर्भ विसरू नये. याच्या अवघे दोन आठवडे आधी, 24 मे रोजी, सत्ताधारी पक्षाचा पाठिंबा असलेले राष्ट्राध्यक्ष ब्रोनिस्वाव कोमोरोफ्स्की हे आंजेय दुदा यांच्याकडून हरले होते आणि ऑक्टोबरात संसदेची निवडणूक होती. घाबरलेल्या पक्षाला घर झाडून काढायला निमित्त हवेच होते. म्हणून ‘स्तोनोगा यांनी मंत्री पाडले’ हे वाक्य मी अर्धसत्य मानतो. ज्यांनी राजीनामे दिले त्यांच्याविषयी त्या अडीच हजार पानांत नव्याने काही निघाले म्हणून ते गेले नाहीत. वर्षापूर्वीचे प्रकरण पुन्हा मथळ्यावर आले आणि निवडणूक चार महिन्यांवर होती, म्हणून गेले.

जागल्या कोण हे ठरवताना मी पहिला प्रश्न विचारतो तो हा: या माणसाने उघड केले नसते, तर गैरकृत्य झाकलेलेच राहिले असते का? ध्वनिफितींच्या बाबतीत उत्तर काही अंशी ‘होय’ आहे. मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षाने मंत्र्याशी असा सौदा बोलावा, ही गोष्ट जनतेला कळायला हवी होती आणि ती दुसऱ्या मार्गाने कळली नसती. फायलींच्या बाबतीत मात्र उत्तर ‘नाही’. त्या सरकारी वकिलांनीच तयार केलेल्या होत्या, खटला न्यायालयात जाणार होता, आणि तेथे त्या उघड व्हायच्याच होत्या. फायली बाहेर आल्याने एक गोष्ट निश्चित सिद्ध झाली, आणि ती गंभीर आहे: देशातल्या सर्वांत नाजूक खटल्याचे कागद राज्याला सांभाळता आले नाहीत. तपासातील पक्षकारांना आणि त्यांच्या वकिलांना फाइल वाचण्याची आणि तिची छायाचित्रे काढण्याची मुभा दिलेली होती. मुभा देणे योग्यच होते, बचावाचा तो हक्क आहे. पण कोणी कोणते पान टिपले याचा माग ठेवणारी खूण त्या पानांवर नव्हती. आमच्या व्यवसायात चौकशी-अहवालाची प्रत प्रत्येक वाचणाऱ्यासाठी वेगळी छापतात, पानाच्या कडेला त्याचे नाव फिकट अक्षरांत असते, आणि तेवढ्याने बहुतेक फुटणे थांबते. हा उपाय स्वस्त आहे, आणि त्यासाठी फार कल्पकता लागत नाही.

दुसरा प्रश्न: त्यात कोण भरडले? यासाठी पोलंडमधील साक्षीदाराच्या जबाबाचा कागद कसा असतो ते पाहावे लागते. पहिल्या पानाच्या वरच्या भागात छापील रकाने असतात: नाव, आईवडिलांची नावे, जन्मतारीख आणि जन्मस्थान, राहण्याचा पत्ता, शिक्षण, व्यवसाय, खोट्या साक्षीबद्दल पूर्वी शिक्षा झाली आहे काय, पक्षकारांशी नाते काय. त्याखाली जबाब सुरू होतो. फेसबुकवर जी पाने आली त्यांत हे रकाने जसेच्या तसे होते, शिवाय दूरध्वनी क्रमांक आणि ‘पेसेल’ नावाचा अकरा अंकी नागरिक क्रमांक होता. या क्रमांकातूनच जन्मतारीख कळते, आणि तो हाती आला की दुसऱ्याच्या नावावर कर्ज उचलण्याचे प्रकार पोलंडमध्ये इतके घडत असत, की हा क्रमांक कुलूपबंद करण्याची सोय राज्याने अलीकडे दिली आणि कर्ज देणाऱ्या संस्थांना ती तपासणे 1 जून 2024 पासून बंधनकारक केले. 2015 मध्ये तशी सोय नव्हती. म्हणजे ज्या कर्मचाऱ्याने केवळ साक्षीदार म्हणून पोलिसांना चार गोष्टी सांगितल्या, त्याच्या घराचा पत्ता मंत्र्यांच्या नावांच्या शेजारी देशापुढे उघडा पडला.

विशेष म्हणजे हाच धोका ओळखून पोलिश संसदेने नोव्हेंबर 2014 मध्ये कायदा केला होता: साक्षीदाराचा निवास आणि कामाचा पत्ता मुख्य जबाबात लिहायचा नाही, तो वेगळ्या जोडपत्रात ठेवायचा, आणि ते जोडपत्र फक्त न्यायालय व तपास यंत्रणा यांनीच पाहायचे. तो 8 एप्रिल 2015 रोजी, म्हणजे ही पाने फुटण्याच्या दोन महिने आधी, अमलात आला. या प्रकरणातले बरेचसे जबाब त्यापूर्वीचे असल्याने जुन्या पद्धतीचे होते.

मी या मुद्द्यावर इतका रेंगाळतो, कारण जबाबदार गौप्यस्फोट आणि कागद भिरकावून देणे यांतला फरक येथेच दिसतो. अडीच हजार पानांतील पत्ते आणि क्रमांक काळे करणे हे कंटाळवाणे, पण अवघड नसलेले काम आहे. दोन-तीन माणसे बसली तर काही दिवसांत होते. ते करणाऱ्याला मजकूर वाचावा लागतो, आणि वाचताना त्याला आपोआपच ठरवावे लागते, की यातले कोणते पान लोकांना कळायला हवे आणि कोणते नको. स्तोनोगा यांनी ही निवड केलीच नाही. साप्ताहिकाने आदल्या वर्षी केलेल्या प्रकाशनावर मलाही आक्षेप आहेत, परंतु तेथे निदान कोणते संभाषण सार्वजनिक हिताचे आहे याचा विचार करून त्यामागे नाव देऊन उभा राहिलेला संपादक होता.

तिसरा प्रश्न वाटेचा. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 12 फेब्रुवारी 2008 रोजी मोल्दोव्हाच्या गुजा खटल्यात जे निकष घातले ते आजही आमच्या कामाचा पाया आहेत. तेथील महाअभियोक्त्याच्या कार्यालयातील एका अधिकाऱ्याने राजकीय दबाव दाखवणारी दोन पत्रे वृत्तपत्राला दिली आणि त्याची नोकरी गेली. न्यायालयाने विचारले: दुसरा मार्ग उपलब्ध होता का, माहिती सार्वजनिक हिताची होती का, अस्सल होती का, तिच्यामुळे झालेली हानी हितापेक्षा कमी होती का, सांगणाऱ्याने सद्भावाने सांगितली का, आणि त्याला झालेली शिक्षा किती जड होती? अधिकारी जिंकला. दोनच पत्रे, नेमकी, आणि तीही आतून कोणी ऐकणार नाही अशा ठिकाणी. हे निकष मुळात नोकरीतल्या माणसासाठी आहेत. स्तोनोगा ना सरकारी वकिलांच्या कार्यालयात होते, ना त्या खटल्यातले पक्षकार. बाहेरून मिळालेले कागद छापणाऱ्याला पत्रकाराच्या मापाने मोजावे लागते, आणि ते मापही त्यांना अनुकूल नाही. 29 मार्च 2016 रोजी त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने स्वित्झर्लंडच्या बेदा खटल्यात, चालू फौजदारी तपासातील गोपनीय कागद नियतकालिकात वापरणाऱ्या पत्रकाराला झालेला दंड योग्य ठरवला. तपासाची गुप्तता, आरोपीची निर्दोषत्वाची धारणा आणि खासगीपणा यांचे वजन तेथे जास्त भरले.

आता पूर्वेतिहासाकडे येतो. प्रश्नकर्त्याने ‘ज्याच्यावर खटले झाले अशा माणसाला’ असे म्हटले आहे, आणि पोलिश वृत्तपत्रांतील बहुतेक टीकाही याच धाटणीची होती. या धाटणीला माझा व्यावसायिक विरोध आहे. आमच्याकडे येणारे तक्रारदार क्वचितच सज्जनांचे पुतळे असतात. बढती हुकलेला व्यवस्थापक, दलालीवरून भांडण झालेला भागीदार, स्वतःच अर्धा गुंतलेला लेखापाल, अशीच माणसे आतली गोष्ट जाणतात, कारण आत असल्याशिवाय ती कळत नाही. म्हणून जागल्यांच्या संरक्षणाविषयीच्या 2019 च्या युरोपीय संघाच्या निर्देशाने तक्रारदाराचा हेतू संरक्षणासाठी गैरलागू ठरवला आहे. सांगताना ती माहिती खरी आहे असे मानायला वाजवी कारण होते का, एवढेच पाहायचे. स्तोनोगा यांच्या कागदांच्या अस्सलतेवर कोणी गंभीर शंका घेतली नाही. सरकारची लगबगच त्याची पावती होती. तेव्हा ‘तो फसवणुकीतला माणूस’ हा युक्तिवाद करणारे लोक, ज्या मुद्द्यावर स्तोनोगा सर्वांत भक्कम उभे आहेत त्यावरच हल्ला करतात, आणि जेथे ते खरोखर उघडे पडतात, म्हणजे साक्षीदारांचे पत्ते, तो मुद्दा सोडून देतात.

हे नीट समजायला त्याच देशातला एक दुसरा व्यावसायिक पाहावा. लेशेक चार्नेत्स्की हे अब्जाधीश बँकर. मार्च 2018 मध्ये वित्तीय पर्यवेक्षण आयोगाचे अध्यक्ष मारेक ख्षानोफ्स्की यांच्याशी झालेली आपली भेट त्यांनी गुपचूप मुद्रित केली. आपल्या बँकेत एका विशिष्ट वकिलाला नेमावे असे त्या भेटीत सुचवले गेले, आणि त्याचा मोबदला बँकेच्या मूल्याच्या एक टक्का, म्हणजे सुमारे चार कोटी झ्वोती (पोलिश चलन), असल्याची चिठ्ठी आपल्याला दाखवण्यात आली, असा त्यांचा आरोप होता. आकड्याची चिठ्ठी अर्थातच ध्वनिफितीत ऐकू येत नाही, आणि हा तपशील पुढे वादाचा झाला. नोव्हेंबर 2018 च्या पहिल्या पंधरवड्यात चार्नेत्स्की यांनी वकिलामार्फत आधी सरकारी वकिलांकडे तक्रार दिली, नंतर 13 तारखेला ‘गझेता विबोर्चा’ या दैनिकाने मजकूर छापला, आणि त्याच दिवशी ख्षानोफ्स्की यांनी पद सोडले. दोन आठवड्यांत त्यांना अटक झाली. आरोप त्यांनी नाकारले आहेत.

चार्नेत्स्की काही धुतल्या तांदळासारखे नव्हेत. भेटीनंतर ते अनेक महिने गप्प राहिले, त्यांची बँक अडचणीत होती, आणि सप्टेंबर 2022 मध्ये ती सरकारी पुनर्रचनेत गेली. त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरणांत आरोपही ठेवले गेले. म्हणजे हेतूच्या कसोटीवर ते स्तोनोगा यांच्यापेक्षा फार उजवे ठरत नाहीत. तरीही त्यांची कृती मला जागल्याच्या व्याख्येजवळची वाटते. संभाषण त्यांचे स्वतःचे होते. स्वतः भाग घेतलेले बोलणे मुद्रित करणे पोलंडमध्ये गुन्हा नाही, तर दुसऱ्यांच्या बोलण्याला यंत्र लावणे कलम 267 खाली गुन्हा आहे, आणि फालेन्ता त्यावरच अडकले. तक्रार आधी अधिकृत यंत्रणेकडे गेली. एक व्यक्ती, एक भेट, एक मागणी एवढाच मजकूर बाहेर आला आणि त्यात तिऱ्हाइताचे नुकसान झाले नाही. 2002 मध्ये चित्रपट निर्माते लेव रिविन यांनी एका माध्यम समूहाकडे कायद्यातील बदलासाठी 1 कोटी 75 लाख डॉलर मागितले, ते संपादक आदाम मिख्निक यांनी आपल्याच कचेरीत मुद्रित केले होते. तेही या जातीचे मुद्रण. पोलंडच्या राजकारणात ध्वनिफितींची परंपरा मोठी आहे, पण सगळ्या ध्वनिफिती एका मापाच्या नाहीत.

राजकारणाविषयी थोडेच. स्तोनोगा यांनी त्या प्रसिद्धीच्या जोरावर स्वतःच्या नावाची निवडणूक समिती उभी केली आणि 25 ऑक्टोबर 2015 च्या निवडणुकीत तिला 42,731 मते, म्हणजे 0.28 टक्के, मिळाली. जागा एकही नाही. सत्ता गेली ती ‘कायदा आणि न्याय’ पक्षाकडे, 37.58 टक्के मते आणि 235 जागांसह. निकालानंतर कॅमेऱ्यासमोर शिव्या देत केलेल्या त्यांच्या विलापाची चित्रफीत पोलिश इंटरनेटवर अजूनही फिरते. व्यवस्थेवर चिडलेल्या लोकांना त्यांचा संताप बघायला आवडत होता, पण मत देताना त्यांनी दुसरीकडे शिक्का मारला.

शेवटी आजचा कायदा, कारण प्रश्नाचा दुसरा भाग तोच होता. युरोपीय संघाचा 2019 चा तो निर्देश अमलात आणण्याची मुदत 17 डिसेंबर 2021 रोजी संपली. पोलंडने ती इतकी टाळली, की 25 एप्रिल 2024 रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने त्याला 70 लाख युरो आणि विलंबाच्या प्रत्येक दिवसाला 40 हजार युरो असा दंड केला. त्यानंतर हालचाल झाली आणि 14 जून 2024 रोजी, ‘व्प्रोस्त’च्या पहिल्या प्रकाशनाला बरोबर दहा वर्षे झाली त्या तारखेला, कायदा झाला, मुख्य तरतुदी 25 सप्टेंबर 2024 पासून लागू झाल्या. पोलंडला हिणवायचा आपल्याला मात्र फारसा अधिकार नाही, कारण भारतात 2014 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेला जागल्या संरक्षण कायदा अजून अमलात आणलेला नाही.

पोलिश कायदा कामाच्या संदर्भात मिळालेल्या माहितीलाच संरक्षण देतो. आधी आत किंवा सक्षम अधिकाऱ्याकडे सांगावे, ठरलेल्या मुदतीत काही झाले नाही किंवा धोका तातडीचा असेल तर लोकांपुढे जावे, असा त्याचा क्रम आहे. माहिती मिळवण्याची कृती स्वतंत्रपणे गुन्हा ठरत असेल तर ते छत्र मिळत नाही, त्यामुळे यंत्र लावणारा वेटर बाहेर राहतो. आणि फौजदारी तपासाची गोपनीयता या कायद्याच्या कक्षेतूनच वगळली आहे, म्हणून फाइल फोडणारा वकील किंवा कर्मचारी आणि ती टाकणारे स्तोनोगा, दोघेही बाहेर राहतात.

ही शेवटची वगळणी मला अर्धीच पटते. साक्षीदारांचे जबाब सुरक्षित राहण्यासाठी ती हवी. परंतु वरून फोन आला म्हणून एखादा तपास दाबला जात असेल, आणि ते सिद्ध करणारे टिपण त्याच फाइलमध्ये असेल, तर ते दाखवणाऱ्या कारकुनाला किंवा साहाय्यक सरकारी वकिलालाही ती उघडे पाडते; मोल्दोव्हातील तो अधिकारी आज पोलंडमध्ये असता तर त्याला देशाच्या कायद्यापेक्षा पुन्हा मानवाधिकार न्यायालयाचाच आधार शोधावा लागला असता. अशा माणसासाठी अपवाद घालता आला असता: पाने मोजकी, नावे झाकलेली, आणि प्रथम वरिष्ठ न्यायिक अधिकाऱ्याकडे. स्तोनोगा या अपवादातही बसले नसते. त्यांच्या अडीच हजार पानांत तपास दाबल्याचा असा एखादा कागद असेलच, तर तो इतर पानांच्या ढिगात त्यांनी स्वतःच पुरून टाकला.